लाल फणीची घागर

खाजा मियाचा धंदा प्लास्टिकनं बुडवला, आन मंग त्याच प्लास्टिकनं त्याला पोसलं. त्यानं ना कुणाला शिव्या दिल्या, ना कुणाचे उपकार मानले. त्याच्या जागी मी असते तर दोन्ही केलं असतं, आधी शिव्या.

मी निता. गोरेगावच्या अलीकडं आमचा तांडा हाय, तिथली सून. खाजा मिया गोरेगावचा. पयले तो कल्हईवाला होता. पितळेच्या भांड्याला आतून पांढरी लख्ख कल्हई करून द्यायचा. मंग घरोघरचं पितळ मोडीत गेलं आन बायांच्या डोक्यावर प्लास्टिकच्या घागरी आल्या. हलक्या, रंगीत, पडल्या तरी चेंबत न्हाईत. फक्त आमच्याकडच्या उन्हानं तडकतात, हे इकणाऱ्यानं सांगितलं न्हाई. पयल्याच उन्हाळ्यात घागरी तडकल्या. खाजा मियानं भाता तोच ठेवला, कथिल सोडून दिलं आन एक चपटी लोखंडी सळई घेतली. सळई निखाऱ्यात लाल करायची, फुटल्या जागी प्लास्टिकचा तुकडा ठेवायचा आन वितळवून चिकटवायचा. वास असा सुटायचा की कुत्रीबी उठून दुसरीकडं जायची.

तो आमच्या तांड्यावर पयल्यांदा आला तवा माझी सासू जिवनबाई घागर घेऊन गेली. जिवनबाईचं तोंड असं की बोकडबी वाट बदलतो. खाजा मियानं तिच्या हिरव्या घागरीला पिवळं ठिगळ मारलं, पाणी भरलं, बाहेरून फडक्यानं पुसलं आन म्हणाला, "बघा बाई, आता रडती का?" गळकी घागर त्याच्या बोलण्यात गळायची न्हाई, रडायची.

सासूनं विचारलं, "हा पिवळा तुकडा कुण्या घरचा?"

"बाजारातून वेचला, बाई."

"म्हंजे कुण्या घरचा ते ठाव न्हाई."

"न्हाई."

सासूनं ते सगळं पाणी तिथंच ओतलं. खाजा मियाच्या हाताचं तिला काही न्हवतं, त्याच्या घरी त्याच्या बायकोनं, गौसियानं केलेला चहा ती बाजाराच्या दिवशी बसून प्यायची. पण तुकडा कुठला? कुणाच्या न्हाणीतल्या बादलीचा, का कुणाच्या चपलेचा? पिण्याच्या पाण्याला तो लागायचा न्हाई. तसलं पाणी पाजलं असतं तर घरचे लोक भांडले असते. खाजा मियानं ठिगळ उकरून काढलं आन शांतपणे विचारलं, "मंग घरातलं काही मोडकं हाय का?"

घरात मोडकी साबणदाणी होती. तिचं ठिगळ बसलं. त्या दिवसापासून हा त्याचा कायदाच झाला. तांड्यावर सायकल टेकवली की भाता फुकायच्या आधी तो विचारायचा, "घरातलं काही मोडकं हाय का?" बाया डबीचं झाकण आणायच्या, बाहुलीचा पाय आणायच्या, बांगड्या आणायच्या. एकदा मी चपलेचा अंगठा नेला तर माझ्याकडं बघून म्हणाला, "पाण्याला चप्पल लावू का मी? तुझी सासू मला जित्ता ठेवील का?" मी गप बसले. गप बसायची मला सवय न्हाई, पण सासूचं नाव घेतलं की बसते.

ह्याच्यातून एक सोय झाली, जी कुणी ठरवली न्हवती. आमच्या हापशावर बाया रांगेत उभ्या राहत न्हाईत, घागरी राहतात. घागर ठेवायची आन घरी जाऊन भाकरी थापायची. दुकानात तर सगळ्या घागरी दोन-तीनच रंगाच्या. कुणाची कोणती, हे ठिगळावरून कळायचं. साबणदाणीची जिवनबाईची. बाहुलीच्या पायाची माझी. आन लाल फणीची रुख्मिणीकाकीची.

आता त्या फणीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं.

रुख्मिणीकाकी आमच्या शेजारची. तिची पोरगी पुजा, येणी घालायची लई हौस. घागर तडकली त्या दिवशी खाजा मियानं मोडकं मागितलं आन काकीनं पुजाच्या लाल फणीकडं पाह्यलं. फणीचे निम्मे दात गेलेले होते. पुजा म्हणाली, "नवी घेऊन देशील तर देते." काकी व्हय म्हणाली. मंग पोरगी खाजा मियाच्या पुढ्यात उकिडवी बसली आन म्हणाली, "चाचा, सगळी नका वितळवू. दात दिसू द्या, म्हंजे लोकाला कळंल माझी फणी हाय."

फणीचं प्लास्टिक घागरीला लवकर धरत न्हाई. पण खाजा मियानं कडेनं कडेनं धरवून बसवलं आन बाहेरून दात तसेच ठेवले. पुजानं त्यावर बोट फिरवून पाह्यलं. बाजारातून निळी नवी फणी आली.

पुढच्या पावसाळ्यात पुजाला ताप आला. गोरेगाव झालं, हिंगोली झाली, मंग नांदेडला न्यायचं ठरलं, तवर पोरगी गेली. गेलेल्या लेकराचं मागं काही ठेवायचं न्हाई म्हणून म्हाताऱ्यांनी कपडे, चपला, निळी फणी, सगळं बाहेर काढलं. घागरीकडं कुणाचं ध्यान गेलं न्हाई. घागर ती घागर.

काकी त्यावर कदी एक शब्द बोलली न्हाई. फक्त घरात चार घागरी असल्या तरी प्यायचं पाणी ह्याच घागरीचं. ती डोक्यावर घेताना एक बोट बराबर त्या दातांवर असायचं. घागर अजून तीनदा तडकली. दर डावाला खाजा मिया फणीला वळसा घालून ठिगळ मारायचा, त्यालाबी सांगावं लागलं न्हाई.

मंग मुंबई बुडाली. आमी टीव्हीवर पाह्यलं. पावसाचं पाणी निघालं न्हाई, कारण गटारीत प्लास्टिकच्या पिशव्या तुंबल्या होत्या म्हणे. सरकारला राग आला. तो राग मुंबईहून निघून हिंगोलीला येऊस्तोवर साल उलटलं. नियम निघाला की पातळ पिशव्या बंद. नियम चांगला होता, मी काही न्हाई म्हणत न्हाई. आमच्या तांड्यात म्हशीच्या पोटातून पिशव्या निघालेल्या मी पाह्यल्यात. पण पिशव्या गोळा करायला एक संस्था आली, आन संस्थेला फोटो पाह्यजे होता. पिशव्यांचा ढीग फोटोला थांबत न्हाई, वाऱ्यानं उडून जातो. घागरींचा ढीग उभा राहतो. म्हणून संस्थेनं ठरवलं, जुनी घागर द्या आन नवी घागर घ्या, प्लास्टिक हटवा.

नवी घागर कशाची? प्लास्टिकची. मी विचारलं तर मला म्हणाले, ताई, मागं सरका.

जीप दुपारी आली, भोंगा लावून. संगं हिंगोलीचे एक साहेब होते. माणूस भला होता, घामानं भिजला होता, तरी समजावून सांगून राह्यला होता. तुमच्या नाल्यातलं प्लास्टिक पैनगंगेत जातं, पैनगंगेतून पुढं गोदावरीत, आन गोदावरी समुद्राला मिळते. तिथं मासे ते खातात, कासवं खातात आन मरतात. आमच्यातल्या कुणी समुद्र पाह्यलेला न्हाई. आमच्या हापशाला त्या वक्ताला दहा हात मारल्यावर एक धार यायची. पण कासवाचं ऐकून बायांना खरंच वाईट वाटलं.

साहेबांना हुरूप आला. म्हणाले, "ह्या जुन्या वस्तू आम्ही वाया घालवणार नाही. घागरी, डबे, चपला, सगळं वितळवून त्याच्यापासून पुन्हा नवीन वस्तू तयार होतात!"

चपला म्हणताच ज्या बाया नव्या घागरी हातात घेऊन पाहून राह्यल्या होत्या त्यांनी त्या खाली ठेवल्या. जिवनबाई पुढं झाली.

"साहेब, ही नवी घागर कुण्या घरच्या प्लास्टिकची?"

साहेब गडबडले. "नाही नाही, मावशी. ही कोऱ्या मालाची आहे. खाण्यापिण्याला वितळवलेलं जुनं प्लास्टिक चालत नाही. तसा सरकारी नियमच आहे."

"आमचाबी हाच हाय," सासू म्हणाली आन जुनी घागर आणायला घराकडं निघाली.

त्या वक्ताला रुख्मिणीकाकी रानात खुरपायला गेली होती. घरी तिचा नवरा होता, वसरामकाका. पयली घागर जो देईल त्याचा साहेबासंगं फोटो, असं भोंग्यानं सांगितलं. काकानं धुतलेला पटका बांधला. घरात गेला. चार घागरींतली सगळ्यात जास्त ठिगळाची उचलली आन नेऊन दिली. आता खरं सांगा, कोणत्याबी बाप्यानं तीच उचलली असती. काकानं आयुष्यात एकदाबी पाणी भरलं न्हवतं. त्याच्या लेखी घागर म्हंजे तांब्या भरायची जागा. फोटोत त्यानं ती दोन्ही हातांनी पुढं धरली होती, आन लाल फणी त्याच्या अंगठ्याखाली होती.

संध्याकाळी काकी आली. हातपाय धुतले, पाणी प्यायला गेली. तिथं निळी घागर.

"ती कुठंय?"

"दिली. ही नवी हाय, फुकट," काका म्हणाला. "फोटो काढला माझा."

 मी आमच्या दारातून पाहून राह्यले होते. ती बोलली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. ती नुसती निळ्या घागरीपुढं उभी राह्यली. काकानं तिच्याकडं पाह्यलं, मंग घागरीकडं पाह्यलं, आन मला दिसलं की त्याला आता, ह्या वक्ताला कळलं. त्यानं डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. रात्री त्या घरात कुणी जेवलं न्हाई.

सकाळी काकी निघाली, मीबी तिच्यासंगं निघाले. गोरेगावला ग्रामपंचायतीच्या मागं घागरींचा ढीग होता आन ढिगापुढं कुऱ्हाड घेऊन कोण बसलं होतं? खाजा मिया. एका वस्तीवरच्या लोकांनी दिलेल्या जुन्या घागरी ढिगातून काढून परत आणल्या आन दुसऱ्यांदा नव्या घेतल्या होत्या. म्हणून जमा झालेली घागर जागच्या जागी फोडायची असं ठरलं, आन फोडायला रोजंदारीवर माणूस पाह्यजे होता. ज्यानं सगळ्या सांधल्या त्यालाच फोडायला बसवलं. मला असा संताप आला म्हणून सांगू! मी म्हणाले, "खाजाभाई, दुसरं काम न्हाई का तुमाला?"

"आता काय सांधू, पोरी? समद्या तर इथं हाईत," तो म्हणाला.

मंग त्यानं काकीला पाह्यलं. कुऱ्हाड खाली ठेवली आन मान हलवून आपल्या सायकलीकडं दाखवलं. हँडलला हिरवी घागर टांगलेली होती. फणीची बाजू आमच्याकडं होती. काकी जाऊन तिला धरून उभी राह्यली. मला वाटलं संपलं, घेऊन जायचं घरी.

पण साहेब आले. संगं कॅमेऱ्यावाला.

"ती फोडायची राहिली," साहेब म्हणाले.

खाजा मियानं सांगितलं, ती ह्या बाईची हाय, तिला परत पाह्यजे. काहून, ते सांगितलं न्हाई. काकीनंबी सांगितलं न्हाई. मी तोंड उघडलं तर काकीनं माझं मनगट दाबलं. आपल्या पोरीचं नाव चारचौघांत, ढिगाजवळ घ्यायचं तिच्या मनात न्हवतं.

साहेबांचा चेहरा पडला. "बाई, कालच्या फोटोत ती घागर आहे. पेपरात येणार. एक परत दिली की सगळे मागतील. मला वरती उत्तर द्यावं लागतं हो." माणूस खोटं बोलत न्हवता. त्याच्या वरतीबी कुणी जिवनबाई असंल.

खाजा मियानं हँडलवरून घागर काढून घेतली. "साहेब, तुमाला फोडलेली पाह्यजे ना?"

"हो."

"मंग फोडतो."

त्यानं कुऱ्हाडीला हात लावला न्हाई. पिशवीतून पत्रा कापायची लहान करवत काढली, घागर मांडीत घेतली आन फणीच्या भोवतीनं कापत गेला. कडेनं हिरवं प्लास्टिक दोन बोटं सोडलं. "धरायला जागा पाह्यजे," असं स्वतःशीच म्हणाला. साहेब उभे, कॅमेऱ्यावाला उभा. तळहाताएवढा तुकडा मोकळा झाला. तो त्यानं काकीच्या हातात दिला आन भोकाची घागर ढिगावर फेकली.

"झाली फोडून," तो म्हणाला.

साहेबांनी तुकड्याकडं पाह्यलं, काकीकडं पाह्यलं. मंग कॅमेऱ्यावाल्याला म्हणाले, "ढिगाचा घे, ढिगाचा."

आता तांड्यात सगळ्यांच्या घागरी निळ्या झाल्या. हापशावर अशी भांडणं लागली की इचारू नका. ही माझी, ती तुझी, माझी पुढं होती, तू सरकवली. मी माझ्या घागरीला चिंधी बांधली तर तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या घागरींना चिंध्या.

काकीनं वाट पाह्यली ती खाजा मियाच्या फेरीची. तो आला तशी निळी घागर आन तुकडा घेऊन समोर बसली. "लावून द्या."

"कुठं लावू? फुटली कुठं हाय?"

"चांगली हाय. वरून लावा."

"नुसतं वरून धरत न्हाई, बाई. खालचं वितळवावं लागतं. म्हंजे भोक पाडावं लागतं." त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "आख्खी घागर मी आपणहून कदी फोडली न्हाई. त्या दिवशी ज्या फोडल्या त्यानं मला अजून जेवण गोड लागत न्हाई. फुटू द्या. मी येतोच."

काकीलाबी ती हातानं फोडता येईना. आमच्यात भरली घागर जाणून फोडायची ती फक्त मयताला. पोरगी गेलेल्या घरात बाई घागर फोडील का? तुकडा तिनं पदराच्या गाठीत बांधून ठेवला, आन आमी सगळ्या घागर फुटायची वाट बघायला लागलो.

उन्हाळा लागला. माझी फुटली. जिवनबाईची फुटली. एकेक करत अख्ख्या तांड्याच्या घागरी तडकल्या, फणीवाल्या काकीची सोडून. तिची कुठून आली होती देव जाणे! ऊन खाल्लं, हापशाच्या नळीवर आपटली, वासरानं लाथ मारली. ओरखडाबी न्हाई. खाजा मिया फेरीला आला की लांबूनच विचारायचा, "फुटली का?" काकी मान हलवायची. बाया हळहळायच्या. चांगल्या घागरीला नावं ठेवणारा तांडा दुसरा कुठं नसंल.

वसरामकाका हे सगळं ओट्यावरून पाहून राह्यला होता. पेपरातला फोटो कुणी आणून दिला होता, तो त्यानं चुलीत घातला.

मंग एका सकाळी, रांग लागलेली असताना, वसरामकाका निळी घागर खांद्यावर घेऊन हापशावर आला.  बाप्या माणूस पाणी भरायला! कुणीतरी फिसकन हसलं. काकानं कुणाकडं पाह्यलं न्हाई. नंबर आल्यावर हापसलं, घागर गळ्यापर्यंत भरली, खांद्यावर घेतली आन निघाला. पाच-सहा पावलं गेला आन पडला.

तिथं सपाट जागा हाय. लंगडी शेळीबी पडत न्हाई. दगड एकच हाय, आन घागर बराबर त्यावर पडली. टण्ण करून उडाली आन लोळत नालीत जाऊन थांबली. धड होती.

काका उठला. धोतर झटकलं. घागर धुतली, परत रांगेत शेवटी ठेवली. आमी कुणीच आता हसून राह्यलो न्हवतो. जिवनबाईनं, माझ्या सासूनं, जिनं जन्मात कुणाला पुढं जाऊ दिलं न्हाई, तिनं आपली घागर बाजूला सरकवली. मंग सगळ्यांनी सरकवल्या. काकानं पुन्हा भरली, पुन्हा निघाला. त्या दगडाजवळ आला, आन पुन्हा त्याचा पाय घसरला. ह्या डावाला तो तिच्यावरच पडला. मोठा आवाज झाला.

रुख्मिणीकाकी पळत आली. काका चिखलात बसलेला, कोपर फुटलेलं, मांडीवर तडकलेली घागर. काकीनं तोंड सोडलं. "डोळे फुटले का तुमचे? नवीकोरी घागर! म्हातारपणी काहून आलात इकडं, कुणी बोलावलं होतं?" शिव्या देता देता ती त्याच्या कोपरावरचा चिखल पदरानं पुसायला लागली.

"पाय घसरला," काका म्हणाला.

खाजा मियाला निरोप धाडावा लागला न्हाई, तो त्याच दिवशी आला. घागर उलटीपालटी करून पाह्यली. "कशी फुटली?"

"पाय घसरला," काका पुन्हा म्हणाला.

"किती डाव?"

काका खाली बघत म्हणाला, "दोन."

खाजा मियानं मान हलवली, जशी काही ही रोजचीच गोष्ट हाय. भाता फुकला. सळई निखाऱ्यात घातली. आन मंग, सवयीनं म्हणा का जाणून म्हणा, काकीकडं बघून विचारलं, "घरातलं काही मोडकं हाय का?"

काकीनं पदराची गाठ सोडली. मला रडू आलं, खोटं काहून सांगू.

त्यानं तुकडा बसवला, दात बाहेरून. पाणी भरलं, फडक्यानं पुसलं. आमी सगळ्या घागरीकडं बघत बसलो. एक थेंब आला न्हाई. काकीनं घागर रिकामी करून डोक्यावर घेतली, बोट दातांवर ठेवलं आन हापशाकडं निघाली. मागून वसरामकाका दुसरी घागर घेऊन निघाला, तशी ती वळून म्हणाली, "तुमी घरी बसा. एवढी पुरं."